काहीच दिसले नाही, म्हणजे काय कळले?
खुज्या दीर्घिकांमधील कृष्णद्रव्याचा शोध

एप्रिलच्या मध्यावर, रात्री नऊच्या सुमारास धर्माबादच्या एखाद्या गच्चीवर उताणे पडून वर पाहिले, तर जवळजवळ डोक्यावरच मघा हा ठळक तारा दिसतो. मघापासून उत्तरेकडे ताऱ्यांची विळ्यासारखी एक ओळ गेलेली आहे. मघा या विळ्याच्या मुठीच्या टोकाशी आहे. मुठीतला त्याच्या लगेच वरचा तारा म्हणजे 'ईटा'. या ईटाच्या किंचित दक्षिणेला, पूर्णचंद्राच्या रुंदीच्या साधारण दीडपट अंतरावर, आकाश अगदी कोरे दिसते. शाळेतल्या दुर्बिणीतूनही तेथे वेगळे असे काही आढळणार नाही.

तेथे एक दीर्घिका आहे! तिचे नाव सेग्यू-१. २००६ साली आकाशाच्या एका मोठ्या सर्वेक्षणातील नोंदी चाळताना ती सापडली. ती आपल्यापासून सुमारे ७५ हजार प्रकाशवर्षे दूर आहे. आपल्या आकाशगंगेत शंभर अब्जांहून अधिक तारे आहेत. सेग्यू-१ मधील सगळ्या ताऱ्यांचा मिळून प्रकाश भरतो तो जेमतेम तीनशे सूर्यांएवढा. अशा छोट्या दीर्घिकांना खुज्या दीर्घिका म्हणतात.

कॅनरी बेटांपैकी ला पाल्मा बेटावर 'मॅजिक' नावाच्या दोन मोठ्या गॅमा-किरण दुर्बिणी आहेत. त्या दुर्बिणींनी या कोऱ्या जागेकडे सुमारे १५८ तास पाहिले. दिसले काय? काहीच नाही. तरीही २०१४ साली त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि तो महत्त्वाचा मानला गेला.

आपल्या विद्यार्थ्याने प्रयोगवहीत 'काहीही आढळले नाही' असे लिहिले, तर आपण बहुधा प्रयोग फसला असे समजतो. मग शास्त्रज्ञांचे 'काहीही आढळले नाही' हे यश कसे? या लेखात आपल्याला हाच प्रश्न सोडवायचा आहे.

उजेड आणि वजन यांचा हिशोब

१९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांनी दीर्घिकांच्या एका मोठ्या समूहाचा अभ्यास केला. समूहातील दीर्घिका इतक्या वेगाने फिरत होत्या, की दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वस्तुमानाने त्या एकत्र बांधल्या जाणे शक्यच नव्हते. १९७० साली व्हेरा रूबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेच्या कडेकडील भागांचा वेग मोजला. केंद्रापासून दूर गेल्यावर वेग जसा कमी व्हायला हवा, तसा तो होत नव्हता. पुढे अशी अनेक निरीक्षणे झाली. आज असे मानले जाते, की विश्वातील एकूण द्रव्यापैकी सुमारे ८५ टक्के द्रव्य प्रकाश देत नाही, अडवत नाही आणि परावर्तितही करत नाही. ते कळते ते केवळ त्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे. त्याला कृष्णद्रव्य म्हणतात.

खुज्या दीर्घिकांकडे या दृष्टीने लक्ष गेले ते १९८३ साली. मार्क ॲरनसन यांनी कालेय तारकासमूहातील एका खुज्या दीर्घिकेतल्या फक्त तीन ताऱ्यांचे वेग काळजीपूर्वक मोजले. तीन ताऱ्यांवरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही, हे त्यांनाही ठाऊक होते. पण त्या वेगांतील फरक अपेक्षेपेक्षा जास्त निघाला. पुढे शेकडो ताऱ्यांचे वेग मोजले गेले, तेव्हा हा सुगावा खरा ठरला.

सेग्यू-१ चा हिशोब नववी-दहावीच्या मुलांनाही करता येईल. वर्तुळाकार कक्षेसाठी मधले वस्तुमान हे वेगाचा वर्ग गुणिले अंतर याच्या प्रमाणात असते. आपण मोजमापासाठी पृथ्वी घेऊ. सूर्यापासून एका 'पृथ्वी-अंतरावर' तिचा वेग सेकंदाला ३० किलोमीटर आहे, आणि मधले वस्तुमान १ सूर्य आहे.

सेग्यू-१ मधील ताऱ्यांच्या वेगांतील फरक सेकंदाला सुमारे ४ किलोमीटर आहे. तिची त्रिज्या सुमारे १०० प्रकाशवर्षे धरू. म्हणजे पृथ्वी-अंतराच्या सुमारे ६३ लाखपट. आता वेगाचे गुणोत्तर ४ भागिले ३०. त्याचा वर्ग साधारण १ भागिले ५६. त्याला ६३ लाखांनी गुणले, की उत्तर येते सुमारे १ लाख १२ हजार. शिवाय आपल्याला ताऱ्याचा फक्त आपल्या दिशेने येण्या-जाण्याचा वेग मोजता येतो. उरलेल्या दोन दिशांसाठी ढोबळमानाने तिपटीने गुणावे लागते. म्हणजे सुमारे ३ लाख ४० हजार सूर्य!

प्रकाश तीनशे सूर्यांचा आणि वस्तुमान साडेतीन लाख सूर्यांच्या जवळपास. हे गणित ढोबळ आहे. काही तारे जोडतारे असतील, तर त्यांच्या एकमेकांभोवती फिरण्यामुळेही वेगांतील फरक फुगतो. म्हणून तेच तारे पुन्हा पुन्हा मोजावे लागतात. पण काळजीपूर्वक केलेल्या गणितांतही उत्तर काही लाख सूर्य असेच येते. म्हणजे सेग्यू-१ जवळजवळ पूर्णपणे कृष्णद्रव्याची बनलेली आहे.

अदृश्य द्रव्याचा प्रकाश?

जे द्रव्य प्रकाश देत नाही, त्याचा शोध गॅमा किरणांनी कसा घ्यायचा? हा विरोधाभास वाटेल. येथे एक गृहीतक आहे, आणि ते गृहीतक आहे हे विसरून चालणार नाही.

कृष्णद्रव्य कशाचे बनले आहे हे अजून ठाऊक नाही. एक कल्पना अशी, की ते जड आणि इतर द्रव्याशी फारसा संबंध न ठेवणाऱ्या कणांचे असावे. असे दोन कण क्वचित समोरासमोर आले, तर ते एकमेकांना नष्ट करतात. त्यांच्या वस्तुमानाचे ऊर्जेत आणि इतर कणांत रूपांतर होते, आणि त्या धांदलीत गॅमा किरण बाहेर पडतात. कण प्रोटॉनच्या शंभरपट जड असेल, तर गॅमा किरणांची ऊर्जा सुमारे १०० अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत जाऊ शकते. आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका फोटॉनची ऊर्जा जेमतेम २ ते ३ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते, यावरून कल्पना यावी.

हे कण किती झपाट्याने नष्ट होत असावेत, याचाही अंदाज बांधता येतो. विश्वाच्या आरंभी प्रचंड तापमानात असे कण तयार होत आणि नष्ट होत. विश्व प्रसरण पावून थंड झाले, तसे नवे कण तयार होणे थांबले. उरलेले एकमेकांपासून इतके दूर गेले, की त्यांच्या गाठी पडेनाशा झाल्या. जे उरले ते आजचे कृष्णद्रव्य. नष्ट होण्याची त्यांची क्षमता जास्त असती, तर आज कृष्णद्रव्य कमी उरले असते. कमी असती, तर जास्त उरले असते. आज ते किती आहे हे आपल्याला माहीत आहे. त्यामुळे ती क्षमता साधारण किती असावी हेही सांगता येते. म्हणजे या कल्पनेला तपासता येईल असा एक आकडा मिळाला. पुढच्या सगळ्या शोधात हाच आकडा कसोटीचा दगड आहे.

आणखी एक गोष्ट मुलांकडून करून घेता येईल. वर्गातील दहा जणांनी प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा हात मिळवला, तर ४५ वेळा हात मिळतात. वीस जण असतील तर? ९० नव्हे, १९०. संख्या दुप्पट केली, की गाठी जवळजवळ चौपट होतात. कृष्णद्रव्याचेही तसेच. ते जेथे दाटीवाटीने असेल तेथे गॅमा किरण घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात. म्हणून शोध घ्यायचा तो दाटीच्या जागी.

बाजार सोडून मोकळ्या मैदानात

सर्वांत जवळची मोठी दाटी आहे आपल्या आकाशगंगेच्या केंद्राशी. मग तेथेच का पाहू नये? शास्त्रज्ञांनी पाहिले. २००९ पासून तेथे अपेक्षेपेक्षा जास्त गॅमा प्रकाश असल्याचे अहवाल येत आहेत. काहींना तो कृष्णद्रव्याचा वाटतो, तर काहींच्या मते तो अतिशय वेगाने फिरणाऱ्या जुन्या न्यूट्रॉन ताऱ्यांचा आहे. अडचण अशी, की केंद्राजवळ गॅमा किरण देणाऱ्या वस्तूंची नुसती गर्दी आहे. तेथे ताऱ्यांच्या स्फोटांचे अवशेष आहेत, वायूचे ढग आहेत, त्यांच्यावर आदळणारे वैश्विक किरण आहेत.

धर्माबादच्या मिरचीच्या बाजारात, पोत्यांच्या थप्प्यांमध्ये उभे राहून कोणी अगरबत्ती लावली आहे का, हे वासावरून सांगता येईल का? नाकात मिरचीचा ठसका भरलेला असताना ते अवघडच. त्यापेक्षा गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात मंद वासही चटकन कळेल. खुज्या दीर्घिका हे आपले मोकळे मैदान. तेथील तारे म्हातारे झालेले आहेत, नवे तारे जन्मत नाहीत आणि वायू जवळजवळ नाही. गॅमा किरण देणारी दुसरी कोणतीही मोठी वस्तू तेथे अपेक्षित नाही. तेथून गॅमा किरण आलेच, तर संशय कृष्णद्रव्यावरच जाईल.

किरण मोजायचे कसे?

गॅमा किरण आपल्या वातावरणात अडतात, जमिनीपर्यंत येत नाहीत. म्हणून २००८ साली 'फर्मी' ही दुर्बीण अवकाशात सोडण्यात आली. तिच्यात आरसा नाही. टंगस्टनच्या पातळ पत्र्यांत गॅमा किरण शिरला, की त्यातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन अशी जोडी निघते. सिलिकॉनच्या पट्ट्या या जोडीचा माग काढतात. त्यावरून किरण कोठून आला हे कळते. खालचे स्फटिक त्याची ऊर्जा मोजतात. फर्मीला एका वेळी आकाशाचा पाचवा हिस्सा दिसतो, आणि साधारण तीन तासांत तिचे सगळे आकाश पाहून होते.

अधिक ऊर्जेच्या किरणांसाठी उलटी युक्ती करतात. असा किरण वातावरणात आदळला, की कणांचा पाऊस पडतो आणि काही अब्जांश सेकंदांपुरता निळसर प्रकाश चमकतो. हा प्रकाश जमिनीवरील मोठ्या आरशांनी पकडता येतो. मॅजिक दुर्बिणी याच तऱ्हेच्या. आपल्याकडेही मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हैदराबादच्या ईसीआयएल व इतरांच्या सहकार्याने अशी दुर्बीण उभारली आहे. तिचे नाव 'मेस'. लडाखमधील हान्ले येथे सुमारे ४,३०० मीटर उंचीवर, २१ मीटर व्यासाच्या या दुर्बिणीचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. कृष्णद्रव्याचा शोध हेही तिच्या उद्दिष्टांपैकी एक आहे.

रस्त्यावरच्या दुचाक्या आणि 'कमाल मर्यादा'

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. आकाशाच्या कोणत्याही तुकड्यातून थोडे गॅमा किरण येतच असतात. मग त्यात कृष्णद्रव्याचे किती, हे कसे सांगायचे?

मुलांना शाळेसमोरच्या रस्त्यावर दर पाच मिनिटांना किती दुचाक्या जातात, हे मोजायला सांगा. अशा वीस नोंदी घ्या. समजा सरासरी १६ आली. प्रत्येक नोंद काही १६ असणार नाही. कधी १२, कधी १९. अशा मोजणीत चढ-उतार साधारण सरासरीच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे येथे ४ च्या आसपास असतो. तेव्हा एखाद्या वेळी १९ दुचाक्या गेल्या, म्हणून 'आज काही विशेष आहे' असे म्हणता येत नाही. ४५ गेल्या, तर मात्र जवळपास लग्नाची वरात असावी असा तर्क करता येईल.

आता उलटा प्रश्न विचारा. समजा एका नोंदीत बरोबर १६ दुचाक्या गेल्या. या पाच मिनिटांत वरातीतल्या दुचाक्या गेल्याच नाहीत, असे म्हणता येईल का? वरातीच्या दोन दुचाक्या गर्दीत लपून गेल्या असतील. नाही म्हणता येणार नाही. पण वीस गेल्या असत्या, तर नोंद ३६ च्या आसपास गेली असती. म्हणजे 'वरात नव्हती' असे सरसकट विधान करता येत नाही. पण 'वीस दुचाक्यांची वरात नव्हती' असे खात्रीने म्हणता येते. शास्त्रज्ञ याला कमाल मर्यादा म्हणतात. 'काहीच दिसले नाही' या वाक्याला किंमत येते ती या आकड्यामुळे.

मग निकाल काय?

२०१५ साली फर्मीच्या गटाने सहा वर्षांच्या नोंदी घेऊन १५ खुज्या दीर्घिका एकत्र तपासल्या. एकट्या दीर्घिकेतून न दिसणारी झाक सगळ्यांची बेरीज केल्यावर उठून दिसेल, अशी त्यामागची कल्पना. झाक दिसली नाही. पण मर्यादा इतकी खाली आली, की ती वर सांगितलेल्या कसोटीच्या आकड्याला जाऊन भिडली. कृष्णद्रव्याचा कण प्रोटॉनच्या सुमारे शंभरपटीपेक्षा हलका असता आणि काही सर्वसाधारण मार्गांनी त्या क्षमतेने नष्ट होत असता, तर त्याचे गॅमा किरण दिसायला हवे होते. म्हणजे एका सुंदर कल्पनेचा मोठा भाग न दिसलेल्या किरणांनी खोडून काढला.

त्याच वर्षी एक गडबडही झाली. रेटिक्युलम-२ नावाची खुजी दीर्घिका नुकतीच सापडली होती. तिच्या दिशेने गॅमा किरण जास्त येत असल्याचे एका गटाने जाहीर केले. साहजिकच खळबळ उडाली. परंतु फर्मीच्या गटाने सुधारलेल्या पद्धतीने नोंदींचे विश्लेषण केले, तेव्हा त्या जादा किरणांना फारसे महत्त्व उरले नाही. आमच्या रस्त्यावरच्या १९ दुचाक्यांसारखेच ते असावे.

त्यानंतर चौदा वर्षांच्या नोंदी आणि अधिक दीर्घिका घेऊनही खात्रीचा संकेत मिळालेला नाही. फर्मीसह पाच वेधशाळांनी आपल्या नोंदी एकत्र करून वीस खुज्या दीर्घिका तपासल्या. तेथेही हेच उत्तर मिळाले.

पुणे जिल्ह्यातील खोडदच्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीनेही या प्रश्नाला हात घातला आहे. कृष्णद्रव्याचे कण नष्ट होताना इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनही निघतात. ते चुंबकीय क्षेत्रात फिरू लागले, की रेडिओ लहरी देतात. खोडदच्या ३० तबकड्यांनी १५० मेगाहर्ट्झच्या आसपास आकाशाचे जे मोठे सर्वेक्षण २०१० ते २०१२ या काळात केले, त्यातील नकाशांवरून भारतीय संशोधकांनी २०२१ साली अनेक खुज्या दीर्घिकांची बेरीज करून पाहिली. संकेत मिळाला नाही, मर्यादा मिळाली. येथे एक अडचण आहे. खुज्या दीर्घिकांतील चुंबकीय क्षेत्र किती, हे नीट ठाऊक नसल्याने या मर्यादेवर विसंबायचे ते जपून. पण वेगळ्या वाटेने तपासून पाहणे हे विज्ञानात नेहमीच उपयोगी पडते.

काय सिद्ध झाले नाही?

यावरून 'कृष्णद्रव्य नाही' असे सिद्ध झाले का? नाही. ताऱ्यांचे वेग अजूनही तसेच आहेत. वजनाचा हिशोब अजून जुळत नाही. कण शंभर प्रोटॉनपेक्षा बराच जड असेल, तर तो या चाळणीतून निसटतो. तो मुळी नष्टच होत नसेल, तर गॅमा किरणांनी तो कधीच सापडणार नाही. शिवाय प्रत्येक दीर्घिकेत कृष्णद्रव्याची दाटी किती, हे थोड्या ताऱ्यांवरून ठरवावे लागते; त्यात चूक असू शकते. म्हणूनच आकाशगंगेच्या केंद्राजवळील जादा प्रकाशाचा वादही खुज्या दीर्घिकांनी पूर्ण मिटवलेला नाही. कृष्णद्रव्याच्या बाजूचे म्हणणे मात्र त्यांनी अवघड करून ठेवले आहे.

पुढचा मार्ग आहे अधिक खुज्या दीर्घिका शोधण्याचा. २०२५ साली चिलीमधील नव्या वेधशाळेने आपली पहिली चित्रे प्रसिद्ध केली. तिला व्हेरा रूबिन यांचेच नाव दिले आहे. तिच्या सर्वेक्षणातून अशा अनेक मंद दीर्घिका सापडतील अशी अपेक्षा आहे.

आता आपल्या प्रयोगवहीकडे परत येऊ. 'काहीही आढळले नाही' असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला शून्य गुण देण्याआधी तीन प्रश्न विचारून पाहावेत. ती गोष्ट असती, तर तुझ्या साधनाला ती दिसली असती का? ती नसतानाही किती दिसते, हे तू मोजलेस का? आणि किती असती, तर तुझ्या नजरेतून सुटली नसती? या तीन प्रश्नांची उत्तरे त्याच्या वहीत असतील, तर त्याचा प्रयोग फसलेला नाही. सेग्यू-१ कडे १५८ तास पाहणाऱ्यांच्या वहीतही याच तीन प्रश्नांची उत्तरे होती.